शेंबडीचा श्रावण

अन्याय झाला तो मनीषा घाग यांच्यावर. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सव्वादहा वाजता, अंबरनाथ पूर्वेला, त्यांच्याच चाळीत, नळाच्या खांबावर. अन्याय करणारी मी, पल्लवी. माझ्या एका हातात खळीचा डबा होता, दुसऱ्या हातात ब्रश आणि काखेत चाळीस पत्रकं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. चिडणं हा माझा जुना उद्योग आहे. कॉलेजात असताना पाण्याच्या मोर्चात पत्रकं वाटायला लागले, मग लिहायला लागले. ज्यांनी शिकवलं त्यांनी एवढंच शिकवलं की पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी ते लिहायचं, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते मागायचं, आणि मधे रडायचं नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी म्हटलं, मला पत्रकापलीकडे काही लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग तसंच लिहा.

पगाराचं काम वेगळं. सहा वर्षं मी उल्हासनगरला जनावरांच्या एका दवाखान्यात असिस्टंट आहे. सिंधी गिऱ्हाइकं मला बेटा म्हणतात, चाळीतले लोक डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि मांजरं काही न म्हणता ओरबाडतात. धरायचं, पुसायचं, वजन करायचं, गोळी घशाखाली उतरवायची, आणि ज्यांना रोज दवाखान्यात यायला जमत नाही त्यांच्या घरी वाफेचं मशीन घेऊन जायचं. डॉक्टर मॅडम तपासतात, औषध ठरवतात. बाकी सगळं माझ्याकडे.

आमच्याकडची सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात फसवी केस म्हणजे मांजराच्या पिल्लाची सर्दी. गाडीखाली आलेलं कुत्रं आणलं की अख्खा दवाखाना पळतो. सर्दीचं पिल्लू घेऊन मालक हसत येतो. "थोडी शिंकते, बाकी मजेत आहे." ही सर्दी विषाणूची असते. एका मांजराकडून दुसऱ्याला लागते, माणसाला लागत नाही. गोळीने हा विषाणू मरत नाही. गोळी असते ती त्याच्या पाठोपाठ घुसलेल्या दुसऱ्या जंतूंसाठी. त्यामुळे पिल्लू चार दिवस बरं असतं, पाचव्या दिवशी परत डोळे चिकटतात, नाकाला हिरवी खपली येते. असे आठवडे जातात. मालकाचा धीर सुटतो, आणि मग तो स्वतः डॉक्टर होतो.

कपडा मार्केटातले एक शेठ आपलं पर्शियन मांजर घेऊन आले. नाव प्रिन्स. गाडीतला एसी चालू, आणि प्रिन्सच्या डोक्यावर लोकरीची टोपी. तोंडातून लाळेची तार लागली होती. मी नाकाचा वास घेतला आणि ओळखलं.

"शेठ, बाम लगाया?"

"बेटा, घर में सबको लगाते हैं. मेरी माँ को भी लगाया."

"माँ चाटती है क्या अपना नाक?"

शेठ विचारात पडले. मांजर आपलं नाक चाटतं. नाकावर जे लावाल ते पोटात जातं, आणि बाम-कापूर मांजराच्या पोटात जाणं म्हणजे विष. प्रिन्स वाचला. शेठनी त्या दिवसापासून मला पेढे आणायला सुरुवात केली, पण प्रिन्सची सर्दी काही पूर्ण गेली नाही. दर दोन महिन्यांनी टोपी घालून येतोच.

दुसरी केस हसण्यासारखी नाही. बदलापूरच्या खरवईला नव्या टॉवरमध्ये राहणारे, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक काका. त्यांच्या मांजरीला सर्दीबरोबर ताप होता. त्यांनी आपली तापाची गोळी घेतली, मांजरीचं वजन केलं, हिशोब मांडला, ब्लेडने गोळीचा बरोब्बर चौथा भाग कापला आणि दिला. एवढ्या निगुतीने कोणी विष दिलेलं मी पाहिलं नाही. मांजर गेली तेव्हा काका टेबलाशी उभे होते, उरलेली पाऊण गोळी कागदात घट्ट गुंडाळून हातात धरलेली. "वजनाच्या हिशोबाने दिली हो मी," एवढंच म्हणत राहिले.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. माणसाची तापाची गोळी मांजराला देऊ नका, चौथा भागही नाही, चिमूटही नाही. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत औषधांच्या दुकानांत लावलं. काकांनी स्वतः त्यांच्या लिफ्टमध्ये लावलं. आणि ते चाललं! लोक दारातूनच सांगायला लागले, "ताप आहे, पण गोळी दिलेली नाही हं." कागदाच्या एका तुकड्याने जीव वाचतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यात हवा गेली ती तेव्हा.

आता शेंबडी.

सुभाषदादा घाग आनंदनगर एमआयडीसीत मशीनवर आहेत. आषाढात त्यांना कंपनीच्या मागे, भंगारातल्या खोक्यात एक पिल्लू सापडलं. दोन्ही डोळे चिकटून बंद. त्यांनी टिफिनच्या पिशवीतून डबा काढून हातात घेतला, पिल्लू पिशवीत टाकलं आणि तसेच दवाखान्यात आले. वजन चारशे ऐंशी ग्रॅम. श्वास तोंडाने. डॉक्टर मॅडमनी गोळ्या दिल्या, डोळ्यांचे थेंब दिले, दिवसाआड वाफ सांगितली. कार्ड भरताना मी नाव विचारलं.

"नाव कुठलं, ताई? आत्ताच तर सापडलीय. बायकोला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन त्यांच्या चाळीत गेले तेव्हा मनीषावहिनी मोरीच्या उंबऱ्यावर बसून, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तिचं नाक पुसत होत्या. "पूस म्हणते ना. तोंड इकडे कर. कोणाची गो तू एवढी शेंबडी?" मी कार्डावर लिहिलं: शेंबडी घाग. आमच्याकडे पेशंटला मालकाचं आडनाव लावायची पद्धत आहे. वहिनी ते वाचून इतक्या हसल्या की कापूस पाण्यात पडला. "यांच्या घराण्यात शोभतं. सासरे माझे बारा महिने नाक ओढायचे."

मी दिवसाआड जात होते. प्लास्टिकची जाळीची टोपली उपडी करायची, आत शेंबडी, वर वहिनींची जुनी ओढणी, आणि ओढणीखाली मशीनची नळी. दहा मिनिटं मिठाच्या पाण्याची बारीक वाफ. आठ-दहा दिवस काही फरक नाही. वजन उलट दहा ग्रॅमने खाली. मग अचानक वाढायला लागलं. पाचशे वीस, पाचशे ऐंशी, साडेसहाशे. डोळे उघडले. ओढणीखालून पंजा बाहेर काढून नळी मारायला लागली.

"बघितलंत वहिनी? मशीनची कमाल."

"होय तर. तुमच्या मशीनला हात जोडले पाहिजेत." वहिनी ओढणी झटकत होत्या. "आणि काय झालं माहितीय, त्या दिवशी मी तव्यावर..."

"वहिनी, नंतर सांगा. मला अजून दोन घरं आहेत."

हे वाक्य मी बोलले. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मी विसरले.

आषाढ संपला. शेवटच्या रविवारी गटारी. घागांकडे कोंबडी-वडे, मलाही आग्रहाने बोलावलं, मी जेवून आले. सोमवारी श्रावण लागला. घाग मंडळी रत्नागिरीकडची, मासळीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी. आणि म्हणूनच त्यांचा श्रावण कडक. सोमवारी पहाटे मनीषावहिनींनी मासळीचा तवा, मासळीची कढई, सुक्या मासळीचे डबे घासूनपुसून माळ्यावर चढवले. गणपती जाईपर्यंत ते खाली येत नाहीत. आणि शेंबडीच्या ताटलीत, देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर, साखर घातलेला दूधभात ठेवला.

शेंबडीने तो हुंगला आणि निघून गेली. संध्याकाळी पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मंगळवारीही तेच.

बुधवारी सकाळी माझ्या फोनवर वहिनींचं स्टेटस दिसलं. शेंबडीच्या कपाळावर कुंकवाचा टिपका, पुढे न शिवलेला दूधभात, आणि खाली लिहिलेलं: "आमची शेंबडीपण श्रावण पाळते. दोन दिवस नुसतं पाणी!" त्याखाली हात जोडलेल्या बाहुल्या.

मी मशीन न घेताच रिक्षात बसले.

चाळीत पोचले तर दारात शेजारच्या दोघी दर्शनाला आल्यासारख्या उभ्या होत्या. शेंबडी फडताळाखाली पडलेली. मी तिची कातडी चिमटीत धरून सोडली. उभीच राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी संपल्याची ती खूण.

"वहिनी, ही उपास करत नाहीय. ही मरतेय."

"असं काय बोलता, ताई? दूध ठेवलंय, भात ठेवलाय, साखर घातलीय. मी उपाशी ठेवलं काय तिला?"

"आधी खात होती ते का बंद केलं?"

"श्रावण लागला ना."

"मांजराला कसला श्रावण?"

"ज्या घरात राहते त्या घराचा," वहिनी म्हणाल्या. उद्धटपणे नाही. मला त्या खरंच समजावून सांगत होत्या.

मी ते ऐकून घेतलं नाही. जे काही बोलले ते शेजारणींसमोर, मोठ्याने, आणि सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेंबडीला पिशवीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. डॉक्टर मॅडमनी पाठीवर कातडीखाली सलाइन दिलं. त्याने पिल्लाच्या पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो आणि हळूहळू जिरतो. वजन पाचशे नव्वद. दोन दिवसांचा उपास मोठ्या माणसाला काही नाही. एवढ्याशा पिल्लाला तो पुरेसा असतो.

संध्याकाळी घरी आले आणि लिहायला बसले. ते पत्रक मी इथे पूर्ण देणार नाही. एवढंच सांगते की त्यात श्रावणाच्या नावाखाली मुक्या जिवाला उपाशी ठेवल्याचं होतं, शेंबडीचा फोटो होता, सौ. मनीषा घाग हे नाव होतं, आणि शेवटची ओळ होती: यांना जाब विचारा. गुरुवारी सव्वादहाला मी ते लावलं. नळावर, जिन्यात, किराण्याच्या दुकानात. पाणी भरायची वेळ होती. बायका वाचत होत्या. मला बरं वाटलं.

साडेअकराला दवाखान्यात आले तर शेंबडी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. पुढे बशीत डबाबंद खाणं. प्रिन्सच्या शेठनी दिलेलं, महागातलं. तोंड लावलं नव्हतं. बोटाने टाळूला लावलं तर थुंकून टाकलं.

डॉक्टर मॅडम कमी बोलतात. त्यांनी कार्ड काढलं आणि वजनांच्या रकान्यावर पेन ठेवलं.

"पहिले दहा दिवस वाढ नाही. नंतर वाढलंय. कशाने?"

"मशीनने. गोळीने."

"मशीन इथेही आहे. गोळी इथेही चालू आहे. मग इथे का खात नाही?"

मी कार्ड माझ्याकडे ओढलं.

"त्या दहाव्या दिवसाच्या सुमारास घरात काय बदललं? काय खात होती ही?"

 कार्डावर खाण्याचा रकानाच कोरा होता. मी तीन आठवडे त्या घरात गेले, टोपली उपडी केली, आकडे लिहिले, आणि पिल्लू नेमकं काय खातं हे एकदाही विचारलं नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. ती मला पहिल्या वर्षापासून माहीत होती, म्हणून जास्त लाजिरवाणी आहे. मांजर चवीवर खात नाही, वासावर खातं. नाक बंद झालं की त्याच्या लेखी बशीत काहीच नसतं. समोर पक्वान्न ठेवा, त्याला ती रिकामी बशी. सर्दीने जेवढी पिल्लं मरतात तेवढीच न खाल्ल्याने मरतात. उपाय साधा आहे: नाक साफ ठेवा आणि जे द्याल ते कोमट द्या, उग्र वासाचं द्या. पण हे सांगायला मशीन लागत नाही, पांढरा कोट लागत नाही, म्हणून ते मी घाईत कोणाला सांगत नव्हते. कारण ते औषध वाटत नाही.

संध्याकाळी परत चाळीत गेले. नळावरून जाताना एक बाई दुसरीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हीच ती, मांजरवाली." कौतुकाने म्हणाली. खांबावरचं पत्रक ओलं होऊन जास्तच घट्ट बसलं होतं. घागांचं दार बंद, पाण्याचे हंडे बाहेर रिकामे. त्या दिवशी वहिनी नळावर गेल्याच नव्हत्या.

मी दार वाजवलं. कडी निघाली, दार चार बोटं उघडलं.

"वहिनी, शेंबडी तिकडेही खात नाहीय. इथे ती काय खायची?"

 मग आतून आवाज आला, "त्या दिवशी सांगत होते तेव्हा तुम्हाला दोन घरं होती."

दार बंद झालं.

मी जिन्यात बसले. तव्यावर. त्या दिवशी मी तव्यावर. एवढंच डोक्यात होतं, आणि पुढचं वाक्य त्या दाराच्या पलीकडे होतं. मी पुन्हा दार वाजवलं नाही. दाराला तोंड लावून म्हटलं, "वहिनी, चूक माझी आहे. पण तिच्याकडे फार तर उद्याचा दिवस आहे." मग जिना उतरले.

शुक्रवारी सलाइनचा दुसरा उंट चढवला. शेंबडीने मान वर करणंही सोडलं होतं. दवाखान्यात गर्दी, प्रिन्सचे शेठ टोपीसकट आलेले. साधारण बारा वाजता दारात मनीषावहिनी उभ्या. अंगावर ठेवणीतली साडी, कपाळावर ताजं कुंकू, काखेत कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता त्यांनी डॉक्टर मॅडमना विचारलं, "इथे शेगडी आहे काय?"

मागच्या खोलीत आम्ही हत्यारं उकळतो ती विजेची शेगडी आहे. वहिनींनी पिशवीतून आधी तवा काढला. मासळीचा, माळ्यावरचा. मग सुकटचा, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीचा डबा, मग वाटीत भिजवून पिळून ठेवलेली सुकट.

"खारट असतं ते. तिला सोसणार नाही म्हणून मी दोन पाणी धुऊनच द्यायची," त्या शेगडीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "घरात मी हे लावणार नाही. माझा नेम आहे. पण ही जागा माझं घर नाही, आणि पेशंटला नेम नसतो. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

वहिनींनी पदर नाकाला लावला, कारण वास घेतला तरी अर्धं खाल्ल्यासारखं, आणि एका हाताने सुकट भाजायला घेतली. ज्यांना तो वास माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. तो आधी खोलीत भरला, मग पडद्याखालून बाहेर गेला.

"अरे, ये क्या जला दिया?" बाहेरून शेठचा आवाज. "बेटा! मेरा उपवास है आज!" आणि लगेच, "अरे रुको, रुको! प्रिन्स खड़ा हो गया!"

आत शेंबडीचा कान हलला. मग नाक. त्या बंद, खपलीच्या नाकातून कुठेतरी सुईएवढी वाट मोकळी असणार, तिथून तो वास आत गेला. तिने मान वर केली. वहिनींनी सुकट तळहातावर चुरली, कोमट भाताच्या चार शितांवर टाकली आणि पिंजऱ्यात हात घातला. शेंबडी उठली, पडली, पुन्हा उठली, आणि वहिनींच्या हातावर तोंड खुपसून, गुरगुरत, खायला लागली.

"हळू गो, हळू," वहिनी म्हणाल्या. "कोण काढून घेतंय तुझ्या तोंडचं?" आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

खाऊन झाल्यावर त्या बाकावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही, उपास निर्जळी होता. श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीचा. लेकरांसाठी पूजा करायची, आणि जी लेकरं घरात नाहीत त्यांच्यासाठी चार दिशांना अक्षता टाकायच्या.

"एक अक्षत उल्हासनगरच्या बाजूला टाकली मी," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, लेकरू तिकडे आहे."

मग पिशवीच्या तळाशी हात घालून कागदाची पुडी काढली. फुटाणे. "पाच सवाष्णींना हळदीकुंकवाला सांगितलं होतं. दूध आटवून ठेवलं, फुटाणे आणले. एकच आली. बाकीच्या म्हणाल्या, हिच्या हातचं कुंकू नको. जिवतीच्या दिवशी, पल्लवी. घ्या, तुम्ही सगळे खा, नाहीतर उरतील."

मी काय करू, असं विचारलं. नवीन पत्रक काढते, खुलासा छापते, माफी मागते.

"परत माझं नाव खांबावर नको," वहिनी म्हणाल्या. तुम्ही जाऊन तू आलं होतं आणि ते प्रेमाचं नव्हतं. "लावलेस ते काढ. सगळे. तुझ्या हातांनी, आणि पाण्याच्या वेळेला. सगळ्या असताना."

शनिवारी सव्वादहाला मी बादली आणि पत्र्याची पट्टी घेऊन त्या चाळीत होते. लावताना कौतुक करणाऱ्या बायका आता हंडे भरत बघत होत्या. एकीने विचारलं, "काय गो, काढतेस कशाला?" मी प्रत्येकीला सांगितलं, की उपाशी वहिनींनी ठेवलं नव्हतं, त्यांनीच जगवली होती, आणि मी विचारलं नव्हतं. पंधरा-वीस वेळा तेच सांगितलं. पत्रकात एकदा लिहिलं की भागतं. तोंडाने प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं. एकोणचाळीस निघाली. खांबावरचं पूर्ण निघेना. माझी खळ चांगली असते, मी मेथीचं पाणी घालते. खालचा तुकडा अजून आहे. त्यावर "घाग" एवढंच वाचता येतं.

शेंबडी घरी गेली, आणि उरलेला श्रावण तिची सुकट मी भाजली. आमच्या घरातही श्रावण असतो. आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. बदलापूरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, छोट्या शेगडीवर भाजायची, चुरून बाटलीत भरायची, आणि कामावर जाता जाता घागांच्या दारात ठेवायची. वहिनी बाटली घ्यायच्या, रिकामी परत द्यायच्या. बोलायच्या नाहीत. गौरी-गणपतीनंतर तवा त्यांच्या घरी खाली आला आणि माझी नोकरी संपली. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "चहा घेशील?"

शेंबडी आता दोन किलोच्या वर गेलीय. बरी झाली असं मी म्हणणार नाही. हवा बदलली की नाक वाहतं, डावा डोळा चिकटतो, झोपेत घोरते. हे जन्मभराचं आहे. आमच्या कार्डावर आता खाण्याचा रकाना सगळ्यात वर आहे, आणि तो भरल्याशिवाय मी मशीनची वायर लावत नाही.

हे लिहायच्या आधी मी परवानगी मागायला गेले. वहिनी म्हणाल्या, "लिही. नाव टाक. पण मी काय सांगत होते ते या वेळी पूर्ण लिही."

तर ते असं. "त्या दिवशी मी तव्यावर सुकट भाजत होते, यांच्या डब्यासाठी. ही फडताळाखाली पडलेली, दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, मी मनात म्हटलं ही काय राहत नाही. वास उठला आणि ही आपली आपण उठून माझ्या पायाशी आली. चुरून भातावर टाकलं तर ताटली चाटून काढली. तेव्हापासून मी रोज थोडी भाजते. औषध तुमचंच लागू पडलं म्हणा, पण मला आपलं वाटलं, सांगावं."

शेवटी मागणी. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा दिवाळी असेल आणि पाठोपाठ मार्गशीर्ष येईल. बऱ्याच घरांत मासळीचे डबे पुन्हा माळ्यावर जातील. जाऊ द्या, तुमचा नेम तुमचा आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात, जिन्यात, वॉचमनच्या खोलीत नाक वाहणारं मांजर असेल तर एक डबा खाली ठेवा. घरात चालत नसेल तर गच्चीवर शेगडी मांडा. धुऊन, भाजून, चिमूटभर, कोमट भातावर. एक दिवस खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात आणा. आणि जी बाई त्या मांजराचं नाक पुसते ती काही सांगायला लागली, तर तुमची पुढची दोन घरं थांबू द्या. उंबऱ्यावर बसा, आणि तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत उठू नका.